सरांची शिट्टी
लांज्याजवळच्या कातळावर, जांभ्या दगडाच्या उघड्या मैदानात, गोताड सर मुलींना हॉकी शिकवायचे. बॉल दगडांवरून वेडावाकडा उसळून पायाला लागायचा. पायाला लागला की खरं तर फाऊल, पण सर म्हणायचे, “ही दगडाची चूक, पोरींची नाय,” आणि शिट्टी वाजवायचे नाहीत. त्यांची सगळ्यात भरवशाची बचावपटू दुर्वा लहानपणापासून पाय आडवा घालूनच गोल राखत आली. राज्याच्या संघासाठी वय बसत होतं ते हे शेवटचंच वर्ष. निवडीला पुण्यात ती पहिल्यांदाच टर्फवर, कृत्रिम गवताच्या सपाट मैदानावर उतरली. तिथे बॉल सरळ येत होता, तरी तिचा पाय आपोआप आडवा जात होता. दर वेळी शिट्टी वाजली. शेवटी तिला बाहेर बसवलं. ती गावी परतल्यावर सरांनी विचारलं, “काय झाला गो?” “नंबर नाय लागला, सर.” “वशिला लागतो तिथं. तुझ्या खेळात काय कमी नव्हती.” दुसऱ्या दिवशी कातळावर एका चिमुरडीने पाय आडवा घालून बॉल थांबवला. सर खूश झाले. “बघ, अगदी तुझ्यासारखी,” ते दुर्वाला म्हणाले. शिट्टी त्यांच्या गळ्यात लोंबत होती. दुर्वा जवळ गेली, वाकली, आणि त्यांच्या गळ्यातली ती शिट्टी तशीच तोंडात धरून तिने जोरात वाजवली. खेळ थांबला. मुली गोंधळून सरांकडे बघू लागल्या. सर मात्र दुर्वाच्या पायांकडे बघत राहिले.