घरासाठी की प्रवासासाठी

"मिक्सर लावा," स्नेझाना म्हणाली.

दुकानदार कामेन तिच्याकडे बघतच राहिला. रूसे शहराच्या बाजारपेठेत त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. हेडफोन बघायला आलेलं गिऱ्हाईक गाणं लावायला सांगतं. मिक्सर आजवर कुणी लावायला सांगितला नव्हता.

"आणि टीव्ही. सगळे."

त्याने लावले. तिने इअरबड्स कानात घट्ट बसवले, डोळे मिटले, मग मान हलवली. "नाही. ऐकू येतंय."

"ताई, प्रवासासाठी हवेत की घरासाठी?"

"प्रवासासाठी," ती पटकन म्हणाली. खरं तर अख्ख्या उन्हाळ्यात ती रूसेबाहेर पडली नव्हती.

"मग हेच घ्या. इंजिनाची घरघर, पंख्याची गुणगुण, असला एकसुरी आवाज हे पार गिळून टाकतात. फक्त माणूस ओरडला तर थोडं पोचणारच."

"माणूसच तर ओरडतो," ती म्हणाली आणि तिने जीभ चावली.

कामेनने वरच्या फळीवरून जाड गाद्यांचे, अख्खे कान झाकणारे हेडफोन काढले. "हे बघा. उन्हाळ्यात कान शिजतील. पण यात पावसाचा आवाज बारीक लावून ठेवा, मग दारात वरात आली तरी कळणार नाही."

तिने तेच घेतले.

ओरडणारं माणूस म्हणजे तिची आई, दोन्का. हीच दोन्का गावच्या ग्रंथालयात वाचनकक्ष सांभाळायची. कुणी पान जोरात उलटलं तरी तिची भुवई वर जायची. नवरा गेला तेव्हासुद्धा बाई आवाज न करता रडली होती. आणि या वसंतापासून तिला काय झालं होतं, देव जाणे. भल्या पहाटे खलबत्त्यात अक्रोड कुटायला बसायची. रेडिओवर लोकगीतं लावायची ती भिंती थरथरेपर्यंत. त्यात घटकेघटकेला हाक, "स्नेझे! ए स्नेझे! मेलीस की काय?" धावत जावं तर, "काही नाही गं, आहेस का बघत होते."

डॉक्टर म्हणाले, "कान तर उत्तम आहेत. वय झालं की स्वभाव बदलतो."

खालच्या मजल्यावरची वासिल्का आधी भिंतीतल्या पाइपावर चमचा आपटून निषेध करायची. हल्ली तीही गप्प होती. बिचारीने हात टेकले असतील, असं स्नेझानाला वाटायचं.

स्नेझाना कवळ्या बनवायची. निम्मं काम घरी आणायची. नखाएवढा दात घासून घासून बसवायचा, आणि नेमकी त्याच वेळी हाक यायची. मागे एका म्हाताऱ्याचा पुढचा दात तिरका बसला. तो हसला की शिट्टी वाजायची.

वार्नाला समुद्राकाठी तिची मैत्रीण दारिना हिने स्वतःचं कवळ्यांचं वर्कशॉप काढलं होतं. "भागीदार म्हणून ये. वरची खोली तुझी," असा तिचा एप्रिलपासून धोशा चालला होता. स्नेझानाने आईला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. आई रूसे सोडणार नाही, बाबांची कबर इथे. आणि सत्तरी उलटलेल्या बाईला एकटं टाकून मुलीने जायचं कसं? कितीदा तरी, खलबत्ता सुरू झाला की, ती पलंगाखालून बॅग ओढायची. मग तिथेच जमिनीवर थोडा वेळ बसायची आणि बॅग परत आत सरकवायची.

हेडफोन घालून ती पहिल्यांदा कामाला बसली तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली.

"हे काय डोक्यावर? हेलिकॉप्टर चालवतेस?"

"कामासाठी आहे, आई. यंत्राचा आवाज फार होतो."

दोन्का आत गेली आणि तिने रेडिओ आणखी वाढवला.

स्नेझानाने बटण दाबलं. पाऊस सुरू झाला. रेडिओ, अक्रोड, हाका, सगळं त्या पावसापलीकडे राहिलं. दारातून दिसणारं आईचं तोंड काचेतल्या माशासारखं उघडत-मिटत होतं. कितीतरी महिन्यांनी स्नेझानाचा हात स्थिर राहिला.

पुढचे काही दिवस ती आईकडे बघून चक्क हसायला लागली. रागच उरला नव्हता. खोली तीच, भिंती त्याच, पण आता इथे दिवस काढता येतील असं वाटू लागलं. एवढं असलं तर बास. माणसाला आणखी काय लागतं?

रविवारी दुपारी तिने हेडफोनमधूनच दारिनाला फोन केला. "नाही जमणार गं."

"नक्की? मग मी दुसरीला हो म्हणून टाकते. नंतर रडू नकोस."

"म्हण."

फोन ठेवून ती उठली. आईला आता सगळं सांगून टाकावं असं तिच्या मनात आलं. जाणार होते, पण तुझ्यासाठी राहिले. म्हातारीला तेवढंच बरं वाटेल.

तिने हेडफोन गळ्यात ओढले. घर शांत होतं. रेडिओ बंद. स्वयंपाकघरातून कॉफीचा वास येत होता आणि दार लोटलेलं होतं. आत वासिल्का आली होती. आई तिच्याशी बोलत होती ती हळू, जपून, वाचनकक्षात बोलायची तशी.

"एप्रिलमध्ये तिचं ते वार्नाचं बोलणं मी दाराआडून ऐकलं," दोन्का म्हणत होती. "जा म्हटलं असतं तर गेली नसती. माझा जीव अडकलाय तुझ्यात, म्हणाली असती. म्हणून म्हटलं, वैतागून तरी जाईल. घसा फोडला, हात दुखेपर्यंत अक्रोड कुटले. तुझीसुद्धा झोप मोडली."

"माझं सोडा. मी मुकाट सोसलं ना, तुम्ही सांगितल्यापासून?"

"पण तिने ते कानाला लावायचं आणलंय, वासिल्के. आता माझ्याकडे बघून हसते. तूच सांग, आता तिला कशी घालवू?"