तोंडावर बोट

हनोईच्या बालवाडीत इंग्रजी शिकवायला लागून मला सात महिने झाले होते. त्या दिवशी एकानं खडू खाल्ला, एक टेबलावर नाचत होती आणि मिन नावाचं कार्टं माझ्या वेणीला लोंबकळत होतं. माझं इंग्रजी कुणी ऐकेना. शेवटी कावून मी मिरजेच्या आमच्या बाईंसारखी मराठीतच ओरडले, "हाताची घडी, तोंडावर बोट!" आणि तसं करूनही दाखवलं.

शब्द कुणाला कळले नाहीत, पण बावीसच्या बावीस पोरं ओठांवर बोट ठेवून चिडीचूप बसली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मधल्या सुट्टीत मिरजेला घरी व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर माझी चार वर्षांची लेक ताठ बसलेली. हाताची घडी, तोंडावर बोट.

"काय झालं गं, पिल्लू?"

तिनं बोट जरासं बाजूला केलं. "रडू आलं की असंच बसायचं. आजीनं सांगितलंय. नाहीतर आईला त्रास होतो."

"काढ ते बोट," मी कशीबशी म्हणाले. "रड, हातपाय आपट, हवा तेवढा दंगा कर."

तिनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि बोट परत ओठांवर ठेवलं.