शेवटचं बाक

शुगरमुळं पायाची जखम चिघळल्यापासून शमुवेल उमरग्याच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा, तेही चैत्राच्या उकाड्यात मोजे घालून. तरी पू झिरपायचाच. प्रार्थनेला डोळे मिटले की मेलेल्या उंदरासारखा वास नाकात शिरायचा आणि त्याला स्वतःचीच किळस यायची. बाकाच्या दुसऱ्या टोकाला म्हाताऱ्या हन्नाबाई नाकाला पदर लावून बसायच्या. तो पदर दिसला की शमुवेल आणखी भिंतीकडं सरकायचा.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या सांजेला पाळकसाहेब, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, एकेकाचे पाय धूत त्याच्यापुढं आले, परात ठेवून गुडघ्यावर बसले. शमुवेलनं पाय मागं ओढला.

“न्हाय साहेब. पाय सडलाय माझा. लई घाण वास मारतोय, हात लावू नका.”

पाळकसाहेबांनी त्याचा मोजा उतरवला.

हन्नाबाई सरकत सरकत त्याच्याजवळ आल्या. लुगड्याखालून त्यांनी चिंध्या गुंडाळलेला आपला पाय काढून परातीशी ठेवला.

“बरं झालं बोललास बाबा,” त्या म्हणाल्या. “इतके दिस मला वाटत व्हतं, वास माझ्याच पायाचा येतोय.”