जिवंत असतील तेवढे

कणकेचा गोळा पाण्यात पडला, दोन वर्तुळं उमटली आणि गोळा तळाला गेला. एकही मासा आला नाही.

घेवरचंद सेठनी दुसरा टाकला. तोही गेला. तिसऱ्याला चार बारकी तोंडं वर आली आणि उसनवारीला आल्यासारखी गुपचूप परत फिरली.

"मंगा," सेठ पाण्याकडे बघतच म्हणाले, "या घाटाजवळ जाळं टाकणार नाही, असा शब्द दिला होतास तू मला."

मंगा भोई थर्माकोलच्या तराफ्यावरून नुकताच काठाला लागला होता. जाळं अजून झटकलंही नव्हतं.

"टाकं नही, नाना. आईनी आन."

"मग माझे मासे गेले कुठे? वर्षागणिक कमीच होत चाललेत. खरं काय ते सांग. नाहीतर उद्यापासून मी या तलावाचं तोंड बघणार नाही."

सेठ दोंडाईच्याचे, किराण्याचे व्यापारी, वय अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षं रोज सकाळी ते या तलावावर कणकेच्या गोळ्यांचा डबा घेऊन येत. डबा रिकामा झाला की भोयांना उपदेश करत, "अरे, निदान एक तरी जीव सोडा." भोई हसत. "नाना, पोटले काय सांगू?" म्हणत आणि जाळी उचलत.

त्या काळी तलावात चिलापी ही बारकी मासळी माजली होती. घागर बुडवली तर निम्मं पाणी, निम्मी चिलापी. एकदा पाण्यात उतरलेली म्हैस चिलापीच्या पाठीवरून चालत कोरडीच बाहेर आली, असं मंगा सांगतो. मंगाचं निम्मं सोडून द्यावं. म्हैस थोडी ओली झाली होती. पण बोटाएवढ्या त्या चिलापीला बाजारात कुणी विचारत नव्हतं आणि रोहू-कटल्याच्या पिलांना ती खायला काही उरू देत नव्हती. मंगा वर्षातले आठ महिने सुरतेला मजुरीला जाई.

मग तलाव पालटला. गेली चार वर्षं मंगा घरीच आहे. दर दिवाळीला भोयांची बायकामाणसं भुईमुगाच्या शेंगांची टोपली घेऊन सेठच्या दुकानात येतात आणि रांगेनं पाया पडतात. सेठना वाटे, उपदेश लागू पडला.

आता, घाटावर, मंगानं मागे वळून बघितलं. त्याची बायको गुंताबाई पाटी खाली ठेवून पुढे आली. दोंडाईच्याच्या बाजारात मासे विकून तिची जीभ धारदार झाली होती. आज ती अडखळत होती.

"नाना, पर्युषणमा तुम्ही मासा सोडतस ना?"

सोडत होते. सात वर्षं. पर्युषणात सेठ मासळी बाजाराच्या तोंडाशी उभे राहत, नाकाला रुमाल, नजर आभाळात, आणि तिथूनच ओरडत, "गुंताबाई, जिवंत असतील तेवढे द्या!" मग पाण्याच्या पिंपातून ते जीव टेम्पोनं तलावावर येत. सेठ नवकार म्हणत त्यांना घाटावर सोडत.

"बजारमा दुपारलोंग जित्ती फक्त मरळ ऱ्हास, नाना. बाकी बठ्ठा मासा पानीबाहेर मरी जास. आनि मरळ कनीक खात नही." ती पाण्याकडे बघू लागली. "मरळले मासाच लागस. तिनीच चिलापी खाई टाकी. मनी रोहू मोठी व्हयनी ती तुम्हनामुळे. तिसरे वरीस माले समजनं. पन तुम्हले सांगाले जीभ उचलनी नही."

सेठ घाटाच्या पायरीवर बसले. डबा मांडीवरून कलंडला.

"सात वर्षांत दोनशे तरी जीव सोडले असतील मी," ते हळू म्हणाले. "आणि त्यांनी खाल्ले किती?"

मंगानं जाळ्याच्या गाठी चाचपल्या.

"ते पाप आम्हले दी द्या, नाना. आम्हले सवय शे."

सेठ हसले नाहीत. जन्मभर पायाखालची मुंगी चुकवत चाललेला माणूस. त्यांचा सगळा जमाखर्च एका सकाळी पाण्यात गेला होता. आणि मग त्यांच्यातला व्यापारी जागा झाला.

"त्याच मरळी पुन्हा धरून दर वर्षी मलाच विकल्यात, नाही का?"

"मी तापीवरथीन येल मरळ दिन्ही तुम्हले!" गुंताबाई उसळली. "या तलावनी एक नही!"

मंगानं जाळं ओढून काठावर झटकलं. रोहू पडले, दोन कटले पडले आणि त्यांच्यामधून एक काळीभोर मरळ सळसळली. हातभर होती. आता मंगाच्या तोंडी ती पुरुषभर झाली आहे, पण त्या सकाळी हातभर होती. रोहू-कटले तडफडत असताना मंगानं आधी तिला दोन्ही हातांनी उचललं, पाटीला वळसा घातला, घाटाच्या पायरीपर्यंत आला आणि सेठच्या पावलांपाशी अलगद पाण्यात सोडलं. शेपटीचा फटकारा सेठच्या धोतरावर उडाला.

"अरे, हिला तर सगळ्यात जास्त भाव," सेठ चकित होऊन म्हणाले. "हिला का सोडलंस?"

"भावनं काय धरी बसनात!" गुंताबाई म्हणाली. "मनी सोनल बाळंत व्हयनी, तिले मरळना रस्सा पाहिजे व्हता. सोतानी पोर, पन ह्यानी धरी नही. कटला खावाडा तिले. सात वरीसपाईन भोईवाडामा या तलावनी मरळ कोनी मारत नही, नाना. जाळामा सापडनी का पहिले तिलेच सोडानी. 'नानांनी मरळ शे' म्हनतस."

सेठचे कणकेनं माखलेले हात आपोआप जुळले. कोणासमोर, ते त्यांनाही नीट कळलं नसावं. समोर पाणी होतं आणि मंगा होता.

मंगा ओशाळला. ओले हात बंडीला पुसत म्हणाला,

"तुम्हीच सांगेत ना नाना, एक तरी जीव सोडा? आम्ही एक सोडी दिन्हा."