न घेतलेलं नाव

गोटुलासमोर, गावाच्या सामायिक घरापुढे, पांढरी चादर ताणलेली, अन् अख्खं गाव तिच्यापुढे बसलेलं. शहरातून फिल्म घेऊन आलेल्या मॅडम भलत्याच खुशीत होत्या. "तुमच्या गावाने बंदुका कशा थांबवल्या, ते आता सगळा देश शिकेल!"

कोसीने वळून धाकट्या पोराकडे पाहिलं. तिच्या थोरल्याला पोलिसांचा खबऱ्या ठरवून गोळी घालून मारलं, त्यानंतर गावाने बसून एकच ठरवलं होतं: मारणाऱ्याचं नाव पोरांपुढे कुणी घ्यायचं नाही. धाकट्याने विचारून विचारून जीव खाल्ला, तरी तिने तोंड उघडलं नव्हतं. सूड घ्यायला नावच नव्हतं, म्हणून तर गाव निवांत होतं.

फिल्म सुरू झाली अन् चादरीवर शेजारचा दुलसा रडू लागला. "कोसीच्या पोराला मीच मारलं. तरी ती मला पोरासारखं जेवू घालते."

"बाई, हे फक्त दिल्लीत दाखवणार होतात ना?" खाली बसलेला दुलसा ओरडला.

"आधी मान तुमचा, दादा!" मॅडम हसल्या.

धाकटा उठला. त्याने दुलसाकडे पाहिलंही नाही. तो आईसमोर येऊन उभा राहिला.

"इतकी वर्षं हा माझ्या ताटात जेवला, आई. अन् वाढत तू होतीस."