पासची पूजा

“हा फोटो कुणाचा म्हणायचा?” कंडक्टरबाईंनी पास उजेडाकडं धरला. फोटोतला चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत लालभडक झाला होता.

“माझाच आहे, मॅडम,” तेजल पुटपुटली. मागच्या सीटवर कुणीतरी फिस्सकन हसलं.

कॉलेजनं इंटर्नशिपच्या मुलांना काल बसचे पास वाटले, आणि तेजल घरात आल्या आल्या आईनं तिचा पास देवापुढं ठेवला. नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही, ही घरची रीत. आईचं कुंकवाचं ओलं बोट नेमकं फोटोवर टेकलं. सकाळी घाईघाईत पुसायला जाऊन तेजलनंच ते चेहराभर पसरवलं.

तिकिटापुरतेही पैसे तिच्याजवळ नव्हते. आता इथंच उतरवलं, तर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या इंटर्नशिपच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी उशीर. आणि तिथले साहेब तर मुलगी घ्यायला आधीच कां कूं करत होते.

“आईनं पूजा केली हो पासची,” ती कशीबशी म्हणाली. डोळे भरून आले.

हातातलं तिकिटाचं मशीन कंडक्टरबाईंनी उलटं करून तिच्यापुढं धरलं. त्याच्या पाठीवर गेल्या दसऱ्याचं हळदकुंकू वाळून घट्ट बसलं होतं.

“आईला सांग,” पास तिच्या हातात परत देत त्या म्हणाल्या, “बोट मागच्या बाजूला लावायचं. पोरीचं तोंड तर दिसू दे.”