डाळिंबी दार

दाराच्या खालच्या कडेला, फरशीपासून वीतभर वर, रंगाचा एक ओघळ सुकला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. दौलतराव उकिडवे बसून त्यावरून अंगठा फिरवत होते.

"पॉलिश पेपर दे. हा काढतो."

"राहू द्या, अप्पा. कुणाला दिसतोय?"

"अंगठ्याला दिसतो की."

वर्षाली हसली. अप्पांची चौतीस वर्षं ट्रकच्या कंपनीत, पेंट शॉपमध्ये गेली होती. हल्ली त्यांना वार आठवत नसे. आई गेली आहे हेही कधी कधी नव्याने सांगावं लागे. पण रंगातला थेंबाचा फरक त्यांच्या डोळ्यातून अजून सुटत नव्हता.

दिवाळीनंतर एकदा ते दूध आणायला म्हणून निघाले आणि चार तासांनी काळेवाडीत सापडले. एका पायात चप्पल. पुढे घरातही चुकायला लागले. झोपायला म्हणून उठायचे आणि गॅसच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहायचे. संत तुकाराम नगरातल्या या घरात ते राहू शकतील का, हा प्रश्न तेव्हापासून होता.

वर्षाली दवाखान्यांचे, वृद्धाश्रमांचे आणि कारखान्यांतल्या कँटीनचे रंग ठरवायची. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, निळा-जांभळा मळकट होतो आणि तांबूस रंग त्या मानाने टिकून राहतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून अप्पांच्या खोलीचं दार डाळिंबी. बाथरूमचं पिवळं. ताट लाल, म्हणजे पांढरा भात उठून दिसतो आणि पोटात जातो. भिंती साय रंगाच्या. बाहेर जायचं दारही आतून साय रंगाचंच. जे दिसत नाही तिकडे पाय वळत नाहीत.

"बाहेरचं दार कुठं गेलं गं?" दौलतराव विचारायचे.

"आहे तिथंच आहे."

"मलाबी सापडत न्हाई," दिवसभर त्यांच्यासोबत राहणारी सोजरबाई म्हणायची. "एखाद्या दिवशी इथंच अडकले, तर माझ्या मालकाला फोन करा, ताई. तेवढाच त्याला आनंद."

डाळिंबी रंग अप्पांनीच जुळवला होता. वर्षालीने तळहाताएवढा एक रंगवलेला पत्रा आणून दिला. त्यांनी तो खिडकीशी नेला, तिरपा केला, सरळ केला.

"मास्टर हाय व्हय हा?"

कंपनीत मंजूर रंगाच्या पत्र्याला मास्टर म्हणत. प्रत्येक रंगवलेला भाग, म्हणजे जॉब, त्याच्याशेजारी धरून तपासायचा. मास्टर एकच असतो, जॉब हजार.

"हो, मास्टर."

"कुठला?"

"दिघीकडच्या एका कामाचा."

तीन दिवस ते डबे, काड्या आणि चमचे घेऊन बसले. त्या तीन दिवसांत त्यांनी एकदाही आईची चौकशी केली नाही. दार रंगवून झाल्यावर पत्रा शेजारी धरला आणि 'च्च' केलं.

"एक थेंब काळा कमी पडला. जॉब उजळ झालाय."

"इतकं चालतं, अप्पा."

"चालतं. पण कळतं."

पत्रा त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला आणि मग रोजच खिशात ठेवू लागले.

"आता खोली सापडली म्हंजे मी घरीच ऱ्हाणार ना, वर्षे?"

"खोली सापडली की सगळं सोपं होईल," वर्षाली म्हणाली.

हॉलमधल्या खुर्चीपासून पलंगापर्यंत किती वेळ लागतो ते ती वहीत लिहायची. पहिल्या आठवड्यात चार मिनिटं दहा सेकंद. तिसऱ्या आठवड्यात पन्नास सेकंद. मग अठरा.

नाशिकहून भावाचा, गणराजचा फोन यायचा. "ठरलं का, ताई?"

"आकडा अजून खाली येऊ दे."

"तू महिनाभर हेच म्हणतेयस."

"तू ये ना मग. तू सांग."

त्यावर गणराज फोन ठेवायचा.

शनिवारी डोळे तपासायला जायचंय, असं वर्षालीने अप्पांना सांगितलं होतं. निघताना सोजरबाई त्यांच्या पाया पडली.

"आज काय माझा वाढदिवस हाय का गं?" दौलतराव म्हणाले. सोजरबाई पदराने नाक पुसत स्वयंपाकघरात गेली.

भोसरी मागे पडल्यावर त्यांना गाडीत डुलकी लागली. वर्षालीने उठवलं, हात धरून लिफ्टपर्यंत नेलं. वर आल्यावर, आत शिरताच त्यांनी मान उचलली. समोर डाळिंबी दार होतं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि एकटेच चालत गेले. वाटेत थांबले नाहीत, कुणाला विचारलं नाही. पलंगावर बसले, चपला काढल्या, जोडीने खाली ठेवल्या. मग उठून पिवळ्या दारामागे जाऊन आले. टेबलावर लाल ताटात दहीभात होता.

वर्षालीने वहीत आकडा लिहिला. पलंगापर्यंत बारा सेकंद. इतका कमी आकडा आधी कधीच आला नव्हता.

"भूक लागलीय," दौलतराव म्हणाले. ताटाकडे जाता जाता ते दारापाशी थांबले. सवयीने खाली बसले आणि कडेवरून अंगठा फिरवला. खाली नेला, पुन्हा वर आणला.

"ओघळ कुठाय?"

वर्षालीने ताट त्यांच्या बाजूला सरकवलं.

ते उठले. आले होते त्या बाजूला पाहिलं. तिकडे नुसती साय रंगाची भिंत होती. मग खिशातून पत्रा काढून त्यांनी दारावर टेकवला. तिरपा केला, सरळ केला. पत्रा दारात मिसळून गेला.

"बरोब्बर हाय. थेंबाचाबी फरक न्हाई," दौलतराव हळू म्हणाले. "घरी रंगवला तो जॉब, वर्षे. हा मास्टर हाय."

वर्षालीने वही मिटली.

"अप्पा," ती म्हणाली, "आजपासून तुम्ही इथंच राहायचं."